वाकळेचा टांका आणि इस्त्रीचा चिकटा



सातारा-सांगलीकडे गोधडीस वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून धांवदोऱ्यानें शिवले, कीं वाकळ झाली. शिवतांना थर सरकले तर चुण्या पडतात. म्हणून प्रथम लांब लांब कच्चे टांके घालण्याची रीत आहे.

आतां बाजारांत भरणीचा असा थर मिळतो, कीं ज्याच्या एका वा दोन्ही अंगांस उष्णतेनें वितळणारें चिकट द्रव्य लाविलेलें असतें. तो कापडांमध्यें ठेवून वर ओलसर फडकें पसरावें. इस्त्री घासूं नये. कांहीं क्षण दाबावी, उचलावी व पुढें ठेवावी. कापड निवेपर्यंत हलवूं नये. दुपटें, पिशवी, चष्म्याचें घर अशा लहान कामांत कच्च्या टांक्यांचे श्रम यानें वांचतात. मात्र भरण पॉलिएस्टरची असेल, तर तापलेलें भांडें धरण्याच्या फडक्यांत ती घालूं नये. फार तापल्यास ती वितळते.

तथापि पक्का टांका चुकत नाहीं, कारण वारंवार धुण्यानें चिकटा जागोजागीं सुटूं लागतो. जुन्या लुगड्यांच्या बाबतींत तर विशेष जपावें. विरलेल्या वाकळेचे टांके उसवून आजीचें लुगडें वेगळें काढतां येतें, त्यावर नवें कापड जोडतां येतें. चिकटा मात्र जेथें धरून राहतो, तेथें जीर्ण कापड ओढतांच फाटतें. म्हणून नव्या कापडास इस्त्री आणि आजीच्या लुगड्यास दोरा, एवढें ध्यानीं असूं द्यावें.