रद्द झालेले टेबल आणि घेतलेला बयाणा

ईदच्या हंगामात न खपलेले कापड आपण घडी घालून ठेवतो आणि पुढच्या लग्नसराईत थोड्या कमी भावाने का होईना, विकून टाकतो. हॉटेलवाल्याचे तसे नसते. दुपारी एक वाजताचे टेबल रिकामे राहिले की त्या वेळेची कमाई गेली, ती परत विकता येत नाही. या नुकसानीवर अमेरिकेतल्या एका मोठ्या करमणूक-उद्यानाने जो इलाज काढला, तो आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घ्यावा असे आम्हांला वाटते. कारण बयाणा आणि रद्द झालेली ऑर्डर हा आपल्याही दुकानातला रोजच्या वादाचा विषय आहे.

फ्लोरिडा राज्यात ऑरलँडो शहराजवळ 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. आज तेथे मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम अशी चार मोठी उद्याने आहेत. खाण्याची सोय दोन प्रकारची आहे. काउंटरवर पैसे देऊन ताट उचलायचे असेल तर आधी नाव नोंदवावे लागत नाही. बसून जेवायच्या रेस्टॉरंटांत मात्र नोंदणी केलेली बरी. सिंड्रेलाच्या किल्ल्यातले रेस्टॉरंट किंवा मुलांची आवडती पात्रे टेबलाजवळ येऊन भेटतात अशा जागा, यांना तर मोठी मागणी असते.

पूर्वी तेथे 'प्रायॉरिटी सीटिंग' नावाची पद्धत होती. ठरल्या वेळी गेले की पुढचे रिकामे होणारे टेबल मिळत असे. नंतर आगाऊ नोंदणीची पद्धत आली आणि बरीच वर्षे १८० दिवस आधी टेबल राखून ठेवता येऊ लागले. सहा महिन्यांनंतर एखाद्या मंगळवारी आपण कोठे जेवू, हे कोण सांगू शकतो? पण नोंदणीला पैसे पडत नव्हते. मग अनेक कुटुंबे एकाच दिवसासाठी दोन-तीन ठिकाणी नावे लावून ठेवू लागली. त्यांतल्या एका ठिकाणी ती जेवायची आणि बाकीची टेबले सोडून द्यायलाही विसरायची. दारातून लोक परत जात होते आणि आत खुर्च्या रिकाम्या होत्या.

यावर उपाय म्हणून नोंदणी करताना क्रेडिट कार्डचा नंबर घेणे सुरू झाले. आधी थोड्या रेस्टॉरंटांत हा नियम होता, २०१३ च्या अखेरीस तो आणखी पुष्कळ ठिकाणी लागू झाला. न सांगता गैरहजर राहिल्यास किंवा आदल्या दिवसापर्यंत रद्द न केल्यास माणशी १० डॉलर कापले जाऊ लागले. सहा जणांच्या कुटुंबाला ६० डॉलर, म्हणजे आजच्या भावाने पाच हजार रुपयांच्या आसपास भुर्दंड. काही महागड्या ठिकाणी रक्कम याहून मोठी असते. 'हूप-डी-डू' या १९७४ पासून चालत आलेल्या जेवणासह कार्यक्रमाचे तर पूर्ण पैसे नोंदणीच्या वेळीच भरावे लागतात.

करोनामुळे २०२० साली उद्याने बंद पडून पुन्हा उघडली, तेव्हा १८० दिवसांची मुदत ६० दिवसांवर आली. त्यानंतर बहुतेक रेस्टॉरंटांत रद्द करण्याची मुदतही सैल झाली. पूर्वी आदल्या दिवशी कळवावे लागे, आता वेळेच्या दोन तास आधी कळवले तरी पैसे कापत नाहीत.

आम्हांला यातली खरी शिकण्याची गोष्ट ही दिसते. आता मोबाइलवर उद्यानात फिरणारा माणूस जागीच प्रतीक्षायादीत नाव घालू शकतो. सुटलेले टेबल दोन तासांत दुसऱ्याला देता येत असेल, तर पहिल्या गिऱ्हाइकाला एक दिवस आधीच्या अटीत बांधून काय मिळणार? अट तेवढीच कडक असावी जेवढे नुकसान खरे आहे. दंड हे कमाईचे साधन नाही. नको असलेली वस्तू वेळेवर परत करावी, एवढीच आठवण त्याने द्यायची असते.

या नियमाची दुसरी बाजूही आहे. लेकराला ऐन वेळी ताप आला आणि बाप कळवायला विसरला, तर नियम त्यालाही लागू होतो. आणि ते टेबल लगेच दुसऱ्या कुटुंबाला दिले गेले, तर मालकाला जेवणाचे पैसेही मिळाले आणि दंडही. हिशेबाच्या वहीत हे बसेल, पण मनाला ते पटत नाही.

आता आपल्याकडे पाहू. गिऱ्हाईक शेरवानीची ऑर्डर देते, हजार रुपये बयाणा ठेवते आणि आठवड्याने येऊन नको म्हणते. कापडाला कात्री लागली असेल तर दर्जीचे आणि दुकानदाराचे नुकसान खरे आहे. तेच कापड अजून ठाणातच असेल तर कसले नुकसान? तरीही कित्येक दुकानांत पूर्ण बयाणा दाबून ठेवतात आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरांत 'रक्कम परत मिळणार नाही' एवढेच छापतात. उलट घाऊक व्यापारी तोंडी ऑर्डर देतो, कारागीर उसने सूत आणून माल तयार करतो आणि व्यापारी ऐन वेळी हात झटकतो. तेथे बयाणाच नसतो, म्हणून सगळा बोजा गरिबावर पडतो.

बयाणा जप्त करण्याबाबत आपल्या इमामांमध्ये मतभेद आहेत. इमाम अबू हनीफा, इमाम मालिक आणि इमाम शाफई यांच्या मते असा व्यवहार जायज नाही. इमाम अहमद बिन हंबल तो जायज मानतात. १९९३ साली ब्रुनेई येथे भरलेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने मुदत ठरलेली असेल तर त्याला परवानगी दिली. आपापल्या उलेमांना विचारून प्रत्येकाने आपला मार्ग ठरवावा. मुदत आधी ठरवावी, ही गोष्ट मात्र व्यवहारातही सोयीची आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. बयाणा घेताना पावतीवर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी लिहा : कोणत्या तारखेपर्यंत ऑर्डर रद्द करता येईल, त्यानंतर किती रक्कम कापली जाईल, आणि तो माल दुसऱ्याला विकला गेल्यास किती परत मिळेल. कारागिराला ऑर्डर देणाऱ्याने निदान सुताचे पैसे आधी द्यावेत. ज्या दुकानात या गोष्टी आधी बोलल्या जातात, तेथून रागाने गेलेले गिऱ्हाईकही पुढच्या ईदला परत येते.