रंगाखालचा रंग

रिक्षांवरच्या अक्षरांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा बदलापूर हेच गाव डोळ्यांसमोर आलं. स्टेशनबाहेर ओळीने उभ्या असलेल्या रिक्षांच्या पुढच्या काचांवर ‘आई एकवीरा’, ‘जय मल्हार’, ‘जय भीम’, मुलाबाळांची नावं. सगळं दोन-तीन रंगांत, कड काढलेलं, उन्हात चमकणारं. यातलं बरंच काम पूर्वी पेंटर ब्रशने करत. आता ते रेडियमच्या दुकानांत होतं. गावातल्याच बेलवली भागातल्या अशा एका दुकानात गेलो आणि अक्षरांपेक्षा अक्षरांखाली जे असतं त्यातच गुंतून पडलो.

दुकान एका गाळ्याचं. भिंतीला टेकवलेले रंगीत व्हिनाईलचे रोल, एक संगणक आणि स्टँडवर दोन फुटी कटर. चालवणारा तिशीतला. मी ‘दादा’ म्हणत होतो, तो मला ‘सर’. त्या दिवशीचं काम होतं तीन रंगांतलं ‘आई एकवीरा’. लाल अक्षर, त्याला पांढरी कड, तिच्याबाहेर काळी.

पडद्यावर ते एकच चित्र दिसत होतं, पण कटरला रंग कळत नाही. त्याच्याकडे एकच ब्लेड, साधारण ४५ अंशांत घासलेलं. ते आखलेल्या रेषेवरून फिरतं, व्हिनाईल कापतं आणि पाठीमागचा कागद शाबूत ठेवतं. रंग असतो तो रोलमध्ये. म्हणून चित्र रंगांनुसार फोडावं लागतं. लालचा एक लेयर, पांढऱ्याचा दुसरा, काळ्याचा तिसरा. एकेक लेयर पाठवायचा आणि प्रत्येक वेळी रोल बदलायचा.

या पद्धतीचं मूळ पेन प्लॉटरमध्ये आहे. १९८० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्डच्या ७४७५ए प्लॉटरला सहा पेनं लावता येत आणि त्या कंपनीच्या एचपीजीएल भाषेत कोणतं पेन उचलायचं याची स्वतंत्र आज्ञा होती. त्याच दशकात अमेरिकेतल्या गर्बर कंपनीसारख्यांनी पाट्यांच्या धंद्यासाठी ब्लेडवाली यंत्रं आणली. पेन गेलं, ब्लेड आलं, भाषा बरीचशी तीच राहिली. आजही अनेक कटर मिलिमीटरचे चाळीस भाग करून मोजणारी ती भाषा समजतात. पेन बदलण्याची जागा फक्त माणसाने हाताने रोल बदलण्याने घेतली.

इंग्रजी अक्षरांचं काम तुलनेने सोपं, कारण छापील अक्षरं सुटी असतात. देवनागरीत शिरोरेषा आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटांत बरीच अक्षरं तुकड्यांनी जुळतात. अर्धं अक्षर वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, आणि प्रत्येक तुकडा शेजारच्यावर किंचित चढलेला. कागदावर छापताना हे दिसतच नाही, सगळं एकाच शाईत बुडतं. कटर मात्र प्रत्येक तुकड्याची पूर्ण कड कापतो. शिरोरेषा जागोजागी चिरते आणि नको असलेलं व्हिनाईल सोलताना काना हातात येतो. म्हणून कोरल या चित्रं आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर आधी कर्व्ह करायचा, म्हणजे नुसत्या रेषांत बदलायचा, मग वेल्ड. सगळे तुकडे वितळून एकच बाह्यरेषा उरते. दादाने वेल्डआधीची रेषाकृती मला दाखवली. ‘एकवीरा’च्या डोक्यावर रेषांचं जाळं होतं. वेल्ड दाबलं आणि ते नाहीसं झालं. मला तो क्षण फार सुंदर वाटला.

वेल्ड झालेल्या शब्दाला बाहेरून दोन मिलिमीटरची कड काढली की पांढरा लेयर. त्याला पुन्हा तेवढीच कड, की काळा. इथे खरा विचार सुरू होतो. ‘व’च्या पोटातली पोकळी खालच्या लेयरमध्ये ठेवायची की बुजवायची? कड वाढली की ती पोकळी आकसून तांदळाच्या दाण्याएवढी होते. ती कापायला वेळ लागतो, सोलताना फाटते आणि नंतर तिच्यात धूळ बसते. दादा खालचे लेयर भरीव करतो. पोकळी फक्त लालमध्ये राहते आणि तिच्यातून पांढरा दिसतो.

प्रत्येक रंगाखाली दुसरा रंग चालतोच असंही नाही. पिवळं व्हिनाईल थेट काळ्यावर चिकटवलं तर मळकं दिसतं, कारण खालचा काळा थोडा वर येतो. अशा वेळी मधे पांढरा घालायचा, नाहीतर काळ्यात पिवळ्याच्या आकाराचं भोक पाडून पिवळा त्यात बसवायचा. पिवळ्याची कड अर्धा मिलिमीटर काळ्यावर चढवायची, म्हणजे फट दिसत नाही. आणि काचेच्या आतून लावायचं असेल तर सगळंच उलटं. अक्षरं आरशातली, क्रमही उलटा. आधी लाल, मग पांढरा, शेवटी काळा. त्यात मोठा तुकडा लहानाच्या कडेवरून खाली उतरतो आणि तिथे हवा अडकते.

“लेयर म्हणजे काय ते कोणीही शिकवेल सर,” दादा म्हणाला, “पण खाली काय ठेवायचं ते हाताने चिकटवल्याशिवाय नाही कळत.”

अडचणींची यादी त्याने मी न विचारताच सुरू केली. पहिली पावसाळ्याची. उल्हास नदीच्या या खोऱ्यात जून ते सप्टेंबर हवा ओली असते. व्हिनाईलच्या पाठचा कागद दमट होतो, पसरतो, कटरच्या रुळांखाली तिरका सरकतो. प्रत्येक लेयरच्या दोन टोकांना जुळवणीच्या खुणा कापलेल्या असतात. तीन फुटी पट्टीत डावीकडची खूण जुळते आणि उजवीकडची जुळत नाही. तो रोल आधी बराच वेळ दुकानात उघडा ठेवतो आणि एका कामाचे सगळे लेयर एकाच बैठकीत कापतो. त्याला सापडलेला उपाय एवढाच.

दुसरी अडचण उन्हाची. स्वस्त व्हिनाईल तापलेल्या रुळांमधून दाबून ताणलेलं असतं. तो ताण त्याच्यात राहतो आणि रिक्षा दिवसभर उन्हात उभी राहिली की ते हळूहळू आकसतं. कडा मागे सरतात आणि चिकट रेघ उघडी पडून काळी होते. ओतून केलेलं कास्ट व्हिनाईल फारसं आकसत नाही, पण महाग पडतं आणि रिक्षावाला ते मागत नाही. म्हणून कड बारीक ठेवायची नाही. एक मिलिमीटरची नाजूक कड पडद्यावर देखणी दिसते, पण उन्हात टिकत नाही.

तिसरी अडचण धंद्याची, आणि मला काळजी तिचीच वाटते. नंबरप्लेट हे या दुकानांचं रोजचं काम होतं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाट्या बंधनकारक झाल्या, नंतर राज्यात जुन्या वाहनांनाही. त्या पाट्या अधिकृत केंद्रांतूनच बसतात. रोजच्या कामाचा तो पाया गेला. दुसरीकडे छापून कडेने कापणारी यंत्रं आली. त्यांना लेयर लागत नाही. दहा रंगांचं चित्र एकाच व्हिनाईलवर छापलं जातं आणि ब्लेड फक्त बाहेरून फिरतं. पन्नास स्टिकर हवे असतील तर तेच स्वस्त. कापलेल्या व्हिनाईलमध्ये मात्र रंग आरपार असतो, छापलेल्यासारखा वरवर बसलेला नसतो. गाडीच्या दिव्यात चमकणारा पट्टा आणि आरशासारखं सोनेरी अक्षर साध्या छपाईत येत नाही. एकाच रिक्षाचं एकच नाव असेल तर कटर अजून पुरतो.

दुकानात एक शिकाऊ मुलगा आहे. सोलणं त्याला छान जमतं. नखाने अनुस्वार धरून ठेवतो आणि बाजूचं व्हिनाईल एका झटक्यात उचलतो. फाइल मात्र तो तयार उतरवून घेतो, शेकडो डिझाइनांच्या संचातून. त्यांत लेयर पाडलेले असतात, पण कोणीतरी भलत्याच रंगांसाठी, भलत्याच काचेसाठी. परवा अशाच फाइलमधला पिवळा त्याने काळ्यावर चढवला होता. दादाने ती पट्टी फेकली नाही. मुलाला संगणकासमोर बसवलं, मधे पांढरा लेयर घालायला लावला, दोन मिलिमीटर कड मोजायला लावली आणि पांढरा रोल चढवायला लावला. तोवर गिऱ्हाईक बाहेर रिक्षात बसून होतं.