व्हॉल्व्ह कधी फिरवायचा?

पुणे–सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकून लोणी काळभोरकडे निघालं, की कडेला टँकर दिसू लागतात. हिंदुस्थान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम आणि इंडियन ऑइल या तिन्ही सरकारी कंपन्यांचे डेपो या पट्ट्यात आहेत. इथून भरून निघालेले टँकर सगळ्यांना दिसतात, पण त्यांच्यात भरलेलं इंधन इथवर येतं कसं ते दिसत नाही, कारण त्यातलं बरंचसं जमिनीखालून येतं. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबईच्या रिफायनरीपासून लोणीपर्यंतची सुमारे १६० किलोमीटरची पाइपलाइन १९८५ साली सुरू झाली. पुढे ती सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत वाढवली गेली.

या नळीत पेट्रोलचा एक आणि डिझेलचा दुसरा असे कप्पे नाहीत. एकाच पोकळीतून आधी एक माल जातो आणि त्याच्या पाठीमागून दुसरा ढकलला जातो. दोघांच्या मध्ये पडदा नसतो. प्रवाह जोरात ठेवला तर दोन्ही द्रव थोड्या लांबीपुरतेच मिसळतात, पंप थांबला किंवा वेग फार उतरला तर मिसळ वाढते. ताशी पाच-सहा किलोमीटर, म्हणजे माणूस झपझप चालतो तेवढा वेग धरला, तर मुंबईहून निघालेली पेट्रोल-डिझेलची सीमा लोणीला यायला सव्वा दिवस लागेल. ती आली की कुणीतरी ठरवावं लागतं: पेट्रोलच्या टाकीचा व्हॉल्व्ह आता बंद, डिझेलच्या टाकीचा आता सुरू.

व्यवसायातले निर्णय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संचालक मंडळाची बैठक येते. मला मात्र माहिती-प्रणालीचं खरं काम या व्हॉल्व्हपाशी जास्त स्वच्छ दिसतं. इथे निर्णय लहान आहे, वेळ मोजकी आहे आणि चूक झाली तर ती लगेच टाकीत उतरते.

एका घनमीटर पेट्रोलचं वजन ७२० ते ७७५ किलो असतं, डिझेलचं सव्वाआठशेच्या आसपास. नळीवर बसवलेला घनतामापक हाच फरक सतत वाचतो. आकडा पेट्रोलवर स्थिर असतो, मग हळूहळू चढू लागतो आणि काही वेळाने डिझेलवर जाऊन टेकतो. मधला चढ म्हणजे मिसळ. मिसळीत व्हॉल्व्ह कुठे फिरवायचा, याचं उत्तर मापकाकडे नाही. डिझेलमध्ये थोडं जरी पेट्रोल गेलं तरी त्याचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते ते तापमान, धोकादायकरीत्या खाली येतं. उलट पेट्रोलमध्ये डिझेल गेलं तर जड, उशिरा उकळणारे घटक राहतात आणि इंजिन कुरकुरतं. म्हणून मधला तुकडा वेगळ्या टाकीत घ्यायचा. तो फार मोठा घेतला तर तितका चांगला माल हलक्या दर्जात जमा होतो, मग तो परत रिफायनरीला पाठवा किंवा चाचणीत बसेल इतक्या थेंबाथेंबाने चांगल्या मालात मिसळा. फार लहान घेतला तर अख्खी टाकी नापास होण्याचा धोका. कुठे थांबायचं ते माल, टाकीतली मोकळी जागा, प्रयोगशाळेतला नमुना आणि माणसाचा अनुभव मिळून ठरवतात.

आता घाट. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर, त्यामुळे मुंबईचं इंधन सह्याद्री चढवूनच आणावं लागतं. सहाशे मीटर उंचीचा डिझेलचा स्तंभ आणि तेवढाच पेट्रोलचा स्तंभ यांच्या तळाशी पडणाऱ्या दाबात हवेच्या दाबाच्या सुमारे पाचपट फरक असतो. म्हणजे घाटातल्या नळीत या घडीला काय भरलेलं आहे, त्यावर पायथ्याचा दाब बदलतो. तिकडे गळतीची पहिली खूणही दाब उतरणं हीच. मग पडद्यावर दाब घसरताना दिसला तर काय समजायचं? डिझेल घाट ओलांडून गेलं आणि मागून हलकं पेट्रोल आलं, की कुठे नळी फुटली?

एकटा आकडा इथे मुका आहे. म्हणून संगणक नळीची एक हिशेबी प्रतिकृती चालती ठेवतो: किती माल आत ढकलला, किती बाहेर आला, कोणता माल आत्ता कोणत्या किलोमीटरवर आहे, त्यानुसार दाब किती असायला हवा. अपेक्षित आणि दिसणाऱ्या दाबातली तफावत महत्त्वाची. नळी अचानक फुटली तर दाब उतरल्याची लाट सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने दोन्ही बाजूंना धावते. दोन ठिकाणी ती किती अंतराने पोचली त्यावरून फुटीची जागा काढता येते. कंट्रोल रूममधल्या माणसाला पंप थांबवायचा की नाही हे ठरवायचं असतं, आणि यंत्रणा त्याला त्या एका प्रश्नापुरतं उत्तर तयार करून देते. माहिती-प्रणालीची माझी कसोटी हीच आहे: तिच्यात किती आकडे साठतात त्यापेक्षा कोणत्या माणसाच्या कोणत्या प्रश्नासाठी ते मांडले आहेत.

दुसरी गोष्ट आकडे तुलनेला बसवण्याची. उन्हात पेट्रोल फुगतं. २० हजार लिटरच्या टँकरमध्ये तापमान १० अंशांनी बदललं, तर मोजमाप २०० लिटरहून अधिक हलतं. एक थेंब न चोरता तूट दिसू शकते आणि खरी चोरीही उन्हाच्या फुगवट्यात लपू शकते. म्हणून घनता १५ अंश सेल्सियसवर आणूनच बोलली जाते. टँकर पंपावर आला की पंपचालक नमुना घेतो, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर बुडवतो, तक्त्यावरून १५ अंशांची घनता काढतो आणि चलनावरच्या आकड्याशी ताडतो. घनमीटरला तीन किलोपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त निघाला तर माल उतरवून घ्यायचा नाही. ग्राहकालाही पंपावर घनता तपासून मागता येते, हा हक्क फारच कमी लोक वापरतात.

तेल कंपन्या आणि संगणक यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. भारतात व्यवसायासाठी आलेला पहिला संगणक, आयबीएम १४०१, मुंबईत एस्सो स्टँडर्ड ईस्टर्न या तेल कंपनीने १९६१ मध्ये बसवला. १९७४ मध्ये एस्सोचा भारतातला कारभार सरकारने ताब्यात घेतला आणि त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम उभी राहिली. तेव्हाची यंत्रं पंचकार्डांचे गठ्ठे गिळून हिशेब छापायची. काय घडलं ते कळायचं, पण घडून गेल्यावर. आज डेपोतली टाकी, गॅन्ट्रीवर, म्हणजे टँकर भरण्याच्या जागी, भरणारा टँकर, त्याचा रस्ता आणि पंपाखालची टाकी हे सगळं जवळजवळ त्याच क्षणी दिसतं. १६ जून २०१७ पासून देशभर इंधनाचे दर रोज बदलू लागले, ते अशा जोडणीशिवाय सांभाळणं कठीण होतं.

पण सगळं दिसणं आणि नीट ठरवणं यांत अंतर आहे. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या हर्बर्ट सायमन यांनी निर्णयाचे तीन टप्पे सांगितले: प्रश्न ओळखणं, पर्याय मांडणं, निवड करणं. माहिती वाढली की माणसाचं लक्ष अपुरं पडतं, हेही त्यांनी १९७१ मध्येच बजावलं होतं. त्याच वर्षी अँथनी गॉरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी निर्णयांची विभागणी केली. काही पक्क्या चाकोरीतले, ते यंत्रावर सोपवावेत. काही चाकोरीबाहेरचे, तिथे माणूसच हवा. आणि मधले, जिथे यंत्राने मदत करावी. कच्च्या तेलातून कोणता माल किती काढावा हे गणिती प्रारूपाने सुटतं, रिफायनऱ्या १९५० च्या दशकापासून ते करत आहेत. डेपोतल्या नियोजन अधिकाऱ्याची सकाळ मधल्या गटातली. कोणत्या पंपाचा साठा उद्यापर्यंत पुरेल, कोणता ‘ड्राय’ पडेल, किती टँकर रांगेत आहेत, पालखीमुळे रस्ता कधी बंद होईल. पालखीची तारीख प्रणालीत घालता येते. त्या दिवशी कोणत्या आडवाटेने टँकर जाऊ शकेल, हे जुन्या ड्रायव्हरला विचारलेलं बरं.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत याची परीक्षा झाली. अपघात करून पळणाऱ्या चालकांना जबर शिक्षा सांगणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध ट्रकचालकांनी देशभर काम थांबवलं. टँकर येणार नाहीत ही बातमी पसरताच महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पंपांवर रांगा लागल्या. मागणीचा अंदाज मागच्या आठवड्यांच्या विक्रीवर बांधलेला असतो आणि भीतीने टाकी भरून घेणारा माणूस त्या इतिहासात नसतो. अशा वेळी रुग्णवाहिका, पोलीस, एसटी यांच्यासाठी किती राखून ठेवायचं हे कुठल्याही आलेखातून उगवत नाही.

आणि प्रणालीच खोटं सांगत असेल तर? इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरणं चालू होतं. पातळी दाखवणारा मापक तीनच्या सुमारास अडकला. पडद्यावर पातळी स्थिर, टाकीत ती चढतच होती. त्या आधीच्या साडेतीन महिन्यांत हाच मापक १४ वेळा अडकला होता. दरवेळी तो सोडवून काम पुढे चालू झालं, मुळाशी कुणी गेलं नाही. टाक्यांची माहिती पाहायला पडदा एकच होता आणि या टाकीची खिडकी दुसऱ्या खिडक्यांच्या मागे दडली होती. पेट्रोल शेवटच्या मर्यादेला गेलं की पुरवठा तोडणारा स्वतंत्र स्विचही चालला नाही. सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून कुणी दगावलं नाही, चाळीसहून अधिक जण जखमी झाले.

अशा नोंदी वाचल्यावर टाकीवर चढून पट्टीने पातळी मोजण्याची, म्हणजे ‘डिप’ घेण्याची, जुनी पद्धत मागासलेली वाटत नाही. ती मापकावर अवलंबून नसलेली दुसरी साक्ष आहे.

जयपूरजवळच्या सीतापुरा डेपोत २९ ऑक्टोबर २००९ ला उलटं घडलं. पेट्रोल गळतंय हे तिथल्या माणसांना डोळ्यांनी दिसत होतं. पण वाफेने ती कोसळली, व्हॉल्व्हपर्यंत कुणाचा हात पोचला नाही आणि तासाहून अधिक वेळ पेट्रोल वाहत राहिलं. स्फोटात आणि आगीत ११ जण गेले. चौकशी समितीचे प्रमुख एम. बी. लाल हे हिंदुस्थान पेट्रोलियमचे माजी अध्यक्ष. दुरून बंद करता येणारे व्हॉल्व्ह आणि वाफ हुंगणारे सेन्सर यांचा समितीने आग्रह धरला, कारण कळूनही काही करता येत नसेल तर त्या माहितीचा उपयोग नाही.

लोणी काळभोरमध्येच एमआयटी-एडीटी विद्यापीठ आहे. तिथल्या व्यवस्थापनाच्या मुलांनी परदेशी कंपन्यांची उदाहरणं जरूर वाचावीत, पण गावातल्या टाक्यांचाही अभ्यास करावा असं मला मनापासून वाटतं. टाक्यांभोवती आता वस्ती दाट झाली आहे. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा डेपोने आसपासच्या रहिवाशांना आधीच सांगून ठेवायचं असतं: अपघात कोणत्या प्रकारचा होऊ शकतो, झाला तर काय करावं आणि काय करू नये. वारा कुठून वाहतोय हे पाहून कोणत्या दिशेने बाहेर पडायचं, हा निर्णय त्या घरांतल्या माणसांना एखाद्या पहाटे स्वतःच घ्यावा लागेल. कंपनीच्या पडद्यावरची माहिती डेपोशेजारच्या कदमवाकवस्तीच्या घरांत, मराठीत, वेळेआधी पोचलेली असणं हा त्याच प्रणालीचा भाग आहे.