सोमवारी सकाळी दुखणारं पोट

माझी भाची नववीत होती तेव्हा दर सोमवारी सकाळी पोट धरून बसायची. बहीण हिंग कोमट पाण्यात कालवून तिच्या बेंबीभोवती लावायची, आजी ओवा चावायला द्यायची. रिक्षावाले काका हॉर्न वाजवून निघून गेले की तासाभरात दुखणं ओसरायचं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल आलं. मग घरात एकच वाक्य फिरू लागलं, ‘नाटकं करते.’ ते वाक्य चुकीचं होतं, आणि तिला ते फार लागलं.

दुखणं खरंच असतं

इंग्लंडमध्ये ॲप्ली आणि नेश यांनी हजार शाळकरी मुलांची पाहणी १९५८ साली प्रसिद्ध केली. साधारण दहातल्या एका मुलाचं पोट पुन्हा पुन्हा, हातातलं काम सुटेल इतकं दुखत होतं. अशा बहुतेक मुलांत तपासून रोग सापडत नाही. तरीही ती खोटं बोलत नसतात. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि त्याचा मेंदूशी सतत संवाद चालतो. भीती वाटली की आतड्याची हालचाल बदलते, तिथल्या नसा हळव्या होतात. एरवी जाणवलाही नसता असा ताण मग कळ होऊन येतो. पोटात गोळा येणं, छातीत धस्स होणं, हातपाय गळणं हे आपण रोज बोलतो. ‘नाटक’ म्हणताना मात्र तेच विसरतो.

आतून येणारी हाक

डोळे मिटा, नाडीला हात न लावता अर्धा मिनिट हृदयाचे ठोके मोजून पाहा. कुणाला ते स्पष्ट कळतात, कुणाला अजिबात नाही. शरीराच्या आतली खबर कळण्याच्या या शक्तीला अंतर्संवेदन म्हणता येईल. मेंदूतला इन्सुला नावाचा भाग त्यात मोठं काम करतो.

इथे एक बारकावा आहे. शरीराकडे सतत लक्ष असणं वेगळं आणि शरीराची खबर अचूक कळणं वेगळं. सारखी धडधड जाणवणाऱ्या मुलाला ठोके बरोबर मोजता येतीलच असं नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आर्थर बार्स्की यांनी साध्या संवेदना मोठ्या आणि धोक्याच्या वाटण्याच्या या सवयीचा बराच अभ्यास केला. आवाज तेवढाच असतो, पण कान तिकडेच लागलेले असले की तो वाढत जातो.

स्वभावाचा वाटा

चटकन काळजीत पडणाऱ्या, लागट बोलणं मनात घोळवणाऱ्या मुलांमध्ये अशा तक्रारी जास्त दिसतात. हा दोष नव्हे, ठेवण आहे. काहींना मनातलं ओळखायला शब्दच सापडत नाहीत. पीटर सिफनिओस यांनी १९७०च्या दशकात या अडचणीला अलेक्सिथायमिया हे नाव दिलं. ‘माझा अपमान झाला’ म्हणण्यापेक्षा ‘डोकं दुखतंय’ म्हणणं सोपं असतं, आणि घरातही त्याचीच दखल घेतली जाते. त्यातच वयात येताना पाळी, घाम, उंची, आवाज, सगळंच नवं. मुलींच्या तक्रारी या वयात मुलांपेक्षा वाढतात.

डॉक्टरांकडे कधी?

वजन घटणं, वाढ खुंटणं, शौचातून रक्त, सारख्या उलट्या, रेंगाळणारा ताप, झोपेतून उठवणारी कळ किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं, यांपैकी काही असेल तर थांबू नका. तसं काही नसेल आणि नीट एकदा तपासून झालं असेल, तर पुन्हा पुन्हा सोनोग्राफी केल्याने मुलाची भीतीच वाढते.

घरी

‘दुखतंय ना, मला कळतंय’ हे आधी. मग शाळा शक्यतो बुडू देऊ नये, कारण जितके दिवस घरी तितकं परत जाणं अवघड होतं. दर तासाला ‘आता कसं वाटतंय?’ विचारलं की लक्ष पुन्हा पोटाकडेच जातं. सावकाश श्वास, पुरेशी झोप आणि गरज पडल्यास समुपदेशन यांनी बऱ्याच मुलांना उतार पडतो. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

भाचीच्या बाबतीत उलगडा झाला तो मटार सोलताना. सोमवारी पहिला तास बीजगणिताचा. सर फळ्यापाशी बोलवायचे, चुकलं की वर्ग हसायचा. शेंग हातात तशीच धरून ती म्हणाली, “मावशी, मला आधी पोट कळतं. घाबरलेय हे नंतर कळतं.”