वंशावळीची दुसरी प्रत

भाद्रपद वद्य पक्ष लागला की घरोघरी पितरांचे स्मरण सुरू होते. यजमान पाटावर बसतो. गुरुजी गोत्र विचारतात, वडिलांचे नाव विचारतात, आजोबांचे विचारतात. इथपर्यंत उत्तर चटकन येते. पणजोबांच्या नावाशी मात्र स्वर अडखळतो आणि पणजीचे नाव विचारताच सारे घर एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागते. वसु, रुद्र आणि आदित्य या रूपांत ज्यांना आपण तिलोदक द्यायचे, त्यांची नावेच आपणांस ठाऊक नसावीत, ही गोष्ट आम्हांला दरवर्षी बोचते.

पूर्वजांनी याची तरतूद करून ठेवली होती. त्र्यंबकेश्वर, गया, हरिद्वार अशा क्षेत्री गेल्यावर गाव आणि आडनाव सांगावे, म्हणजे तीर्थोपाध्याय आपल्या घराण्याची वही काढतात आणि आजोबांनी स्वहस्ते लिहिलेली ओळ पुढे ठेवतात. त्या वह्यांचा कागद काही अमर नव्हता. आलेला यात्रेकरू घरातील नवी नावे त्यांत भरीत गेला आणि उपाध्यायांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपल्या, म्हणून त्या टिकल्या. हरिद्वारच्या वह्या तर अमेरिकेतील युटा येथील वंशावळी-संस्थेने मायक्रोफिल्मवरही उतरवून घेतल्या आहेत.

आता हेच काम घरातील तरुण मंडळी संगणकावर करू लागली आहेत, याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु संगणकात भरले म्हणजे कायमचे राहिले, हा समज खोटा आहे. आमच्या आप्तांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी कितीतरी वर्षे खपून सात पिढ्यांची वंशावळ संगणकात भरली होती. एके दिवशी संगणकाची तबकडी निकामी झाली आणि सारे गेले. ज्यांना विचारून ती नावे मिळवली होती, त्या आत्या-मावश्या तोवर निवर्तल्या होत्या. यंत्र नवे आणता येते. त्यांना आता काय विचारणार?

म्हणून काही गोष्टी आवर्जून कराव्यात. ‘ग्रॅम्प्स’ नावाचे वंशावळीचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यात बॅकअप घेण्याची सोय असून छायाचित्रेही त्याच फाइलीत बांधून घेता येतात. त्याखेरीज ‘जेडकॉम’ या सर्वमान्य स्वरूपातील एक प्रत काढावी. हे स्वरूप 1984 साली प्रथम पुढे आले आणि वंशावळीची बहुतेक सॉफ्टवेअरे ते वाचू शकतात. एकाच कंपनीच्या भरवशावर राहू नये, याला दाखलाही आहे. ‘फॅमिली ट्री मेकर’ या प्रसिद्ध सॉफ्टवेअरची विक्री थांबवण्याची घोषणा त्याच्या मालकांनी डिसेंबर 2015 मध्ये केली, तेव्हा असंख्य कुटुंबे चिंतेत पडली. पुढे 2016 मध्ये दुसऱ्या कंपनीने ते चालवावयास घेतले, म्हणून निभावले. मात्र ध्यानात ठेवावे की, जुन्या पद्धतीच्या जेडकॉम फाइलीत छायाचित्र नसते, ते कोठे ठेवले आहे एवढाच पत्ता असतो. तेव्हा छायाचित्रांची प्रत वेगळी ठेवावी.

प्रती तीन असाव्यात: एक संगणकात, दुसरी पेनड्राइव्हवर आणि तिसरी परगावच्या भावाकडे किंवा सासरी गेलेल्या बहिणीकडे. एका घराला आग लागली वा पुराचे पाणी शिरले, तरी दुसऱ्या घरी वंशावळ सुखरूप राहील. घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहावी. उघडत नाही अशी प्रत असून नसल्यासारखीच. हयात माणसांच्या जन्मतारखा मात्र परक्यांच्या हाती जाऊ देऊ नयेत. प्रत काढताना त्या वगळण्याची सोय असते. आणि सर्व नावांचा एक छापील कागद देवघरातील पोथ्यांजवळ ठेवावा.

नोंदी करताना सुनेचे सासरचे नाव लिहून थांबू नये. लग्नात नाव बदलण्याच्या आपल्या चालीमुळे कित्येक आज्यांची माहेरची नावे पार पुसली गेली आहेत. ती दोन्ही लिहावीत. निधनाच्या इंग्रजी तारखेसोबत मास, पक्ष आणि तिथी टीप म्हणून नोंदवावी. महालय तिथीवरच होतो. तिथी ठाऊक नसली, तर सर्वपित्री अमावास्येचा आधार घ्यावा लागतो.

हे वर्षातून एकदा करावे, आणि त्याला पितृपंधरवड्याइतका योग्य काळ दुसरा नाही. श्राद्धाचे पान वाढून झाले, कावळ्याला घास गेला, की दुपारी घरातील वडीलधाऱ्यांना मध्ये बसवावे, त्यांना नावे विचारावीत, नवी भर घालावी आणि त्याच दिवशी प्रती काढाव्यात. उद्या आपली नातवंडे पाटावर बसतील, तेव्हा गुरुजींच्या प्रश्नाला त्यांचा स्वर अडखळू नये, एवढीच आमची पितरांचरणी प्रार्थना आहे.