परार्धाच्या पुढे काय म्हणायचे?

चिपळूण तालुक्यातल्या पोफळीच्या वीजगृहातून कोयनेचे पाणी उतरते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. लिटरमध्ये मांडले, तर सगळा साठा २ लाख ९७ हजार कोटी लिटरच्या आसपास जातो. एवढी संख्या वाचताना आपण ‘महापद्म’ म्हणत नाही, ‘लाख कोटी’ म्हणतो. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या बातम्यांतही तेच. लाखाची पाच शून्ये आणि कोटीची सात, दोन्ही मिळून बारा. ओळखीचे दोन शब्द शेजारी ठेवले की काम भागते. मोठ्या संख्येला नवे नाव शोधण्यापेक्षा तिची घडण उच्चारावी, हा मार्ग मराठी बोलणाऱ्यांनी आधीच निवडला आहे, आणि माझ्या मते तोच बरोबर आहे.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे नावांची वाण कुठे आहे? भास्कराचार्यांच्या ११५०च्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. ती मुलांना माहीत असावीत, हे मला मनापासून मान्य आहे. पण नावे एका जागी टिकत नाहीत. ‘लीलावती’तला खर्व म्हणजे एकावर दहा शून्ये, हिंदीतला खरब एकावर अकरा. इंग्रजांचे ‘बिलियन’ही असेच घसरले: ब्रिटनमध्ये ते एकेकाळी एकावर बारा शून्ये होते, १९७४मध्ये सरकारने एकावर नऊ ठरवले. शिवाय परार्धाला सतरा शून्ये, तिथे यादी संपते. अमेरिकी गणिती एडवर्ड कॅस्नर यांच्या लहानग्या भाच्याने एकावर शंभर शून्यांना ‘गुगोल’ हे गोड नाव दिले खरे, पण ते ऐकून शून्ये किती हे कळत नाही. ‘दहाचा शंभरावा घात’ म्हटले की कळते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. घातावर घात चढला की मराठी वाचन अडखळते. दहाच्या डोक्यावर दहा आणि त्या दहाच्या डोक्यावर शंभर लिहिले, तर ‘दहाचा दहावा घात, त्याचा शंभरावा घात’ असे वाचणे चूक आहे. तसे वाचले तर एकावर हजारच शून्ये येतात. लिहिलेल्या संख्येत मात्र एकावर गुगोलभर शून्ये आहेत, कारण असा मनोरा वरून खाली सोडवायचा असतो. ही अडचण खरी आहे, पण तिचे उत्तर शाळेच्या पुस्तकातल्याच दोन शब्दांत आहे: ‘पाया दहा, घातांक दहाचा शंभरावा घात.’ यात संदिग्धता उरत नाही, आणि मनोऱ्यावर आणखी एक मजला चढला तरी हीच रीत पुरते. हे वाचन लांबते, हे मान्य. पण मुलांची चूक होते ती लांबीमुळे नव्हे, पाया कोणता आणि घातांक कोणता हे कानाला न कळल्यामुळे. म्हणून चिपळूणपासून सोलापूरपर्यंतच्या शिक्षकांना एवढीच विनंती: घातांकाची उदाहरणे फळ्यावर सोडवून घ्याल, तेव्हा ती मुलांकडून मोठ्याने वाचूनही घ्या.