बाईचं काम, पुरुषाचं काम : मुलं हे कुठून शिकतात?

“रडतोस काय मुलीसारखा?” “दादा दमून आलाय, त्याला ताट वाढ.” ही वाक्यं आपल्या घरांत सहज बोलली जातात. लहान मुलं मात्र ती नीट ऐकत असतात.

मुलं कशी शिकतात?

दोन-तीन वर्षांचं मूल ‘मी मुलगा’ किंवा ‘मी मुलगी’ असं सांगू लागतं. मग आपल्यासारख्यांनी कसं वागायचं, हे ते आजूबाजूला बघून ठरवतं. मुलं निरीक्षण आणि अनुकरणातून शिकतात, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी मांडलं. ज्या वागण्याचं कौतुक होतं ते टिकतं, ज्याची चेष्टा होते ते सुटतं. भातुकली खेळणाऱ्या मुलाला एकदा ‘बायल्या’ म्हटलं, की तो पुन्हा त्या खेळाकडे फिरकत नाही.

पण हे जन्मजातच असतं ना?

शरीरातला फरक जन्मजात असतो. कामं आणि रीती मात्र समाजागणिक बदलतात. ‘नटणं बायकांचं’ असं अनेक ठिकाणी मानतात. पण नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला पुरुष मोरपिसांचा टोप घालतात, अंगावर नक्षी काढतात आणि कमरेला घुंगरू बांधून नाचतात. तिथली मुलं हेच बघत मोठी होतात. भिल्ल आणि पावरा समाजात लग्नात मुलीकडून हुंडा घेण्याऐवजी मुलाकडचे ‘देज’ देतात.

मग तिथे समानता आहे का?

तसं नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता सुमारे ७२ टक्के होती, स्त्रियांची सुमारे ५६ टक्के. आईवडील मजुरीला बाहेर पडले की धाकट्या भावंडांना सांभाळायची जबाबदारी बहुतेकदा मुलीवर येते. त्यात तिची शाळा बुडते.

हे फक्त नंदुरबारचं नाही. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील ८१ टक्के मुली-स्त्रिया बिनपगारी घरकाम करताना दिसल्या, मुलगे-पुरुष फक्त २६ टक्के.

बदल होतो का?

होतो. २०१९ मध्ये ‘बालभारती’ने दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली. त्यात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतात, बाई डॉक्टर आणि वाहतूक पोलीस आहे, पुरुष कपड्यांना इस्त्री करतो.

पण पुस्तकात बाबा भाजी निवडतात आणि घरात ते जेवून ताट तिथेच ठेवून उठतात, तर मूल कुणाचं ऐकेल? ते रोज दिसणाऱ्या बाबांकडूनच शिकेल. म्हणून आज रात्री जेवण झाल्यावर ताटं कोण उचलतं, एवढं बघा. तुमचं मूलही तेच बघत असेल.